बाटलीतलं बाळ आणि शिवाप्पाकाका

अर्ध्या गालाला साबणाचा फेस, गळ्यात न्हाव्याचं पांढरं फडकं आणि पायात एकच चप्पल, अशा अवतारात भर रस्त्यात उभं राहून मूल कसं जन्माला येतं हे समजावून सांगणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. ते आमचे शिवाप्पाकाका.

झालं होतं असं, की कसबा बावड्यातल्या सलूनमध्ये काका दाढीला बसले होते. शेजारच्या खुर्चीतला माणूस उठता उठता बोलून गेला, "टेस्ट ट्यूबचं पोरगं नऊ म्हैने बाटलीत वाढवत्यात म्हणं." काकांच्या गळ्यावर वस्तरा होता, त्यामुळे त्यांना लगेच तोंड उघडता येईना. वस्तरा बाजूला झाला तसे ते तडक बाहेर धावले. मी शाळेत शिकवून घरी येत होते, म्हणून पुढचं सगळं मला ऐकायला मिळालं.

"ओ पावणं! चुकीच्या गाडीत बसलाय तुम्ही, उतरा!"

तो माणूस खरंच मोटरसायकलवरून उतरला.

"बाटलीत न्हाय, काचेच्या बशीत. आन् नऊ म्हैने न्हाय, तीन न्हायतर पाच दिवस. मग आईच्या पोटात सोडत्यात. फुडचं सगळं आईच करती की!"

काका गडहिंग्लज डेपोचे निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं इंजिनाच्या वरताण ओरडून आवाज तसाच राहिलेला. त्यांनी हळू आवाजात सांगितलेली गोष्ट पुढच्या चौकात ऐकू जाते. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली काका आणि गौराक्का. मुलगा महेश पुण्यात. "कामाचा लई लोड हाय त्येला," असं काका सांगायचे. त्याला आलेलं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

काकांना हे सगळं ज्ञान कुठून झालं? माझ्यामुळे.

लग्नाला सात वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात उपचार सुरू केले होते, पण घरात, शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. अशात आमचा फ्रीज बंद पडला. इंजेक्शनं थंड ठेवायची होती, म्हणून मी डबा गौराक्कांकडे दिला. त्यांनी काही न विचारता तो दह्याच्या पातेल्यामागे ठेवला. संध्याकाळी काका दही घ्यायला गेले आणि दही तसंच सोडून वर आले.

"पोरी, सुया कसल्या? साखर झाली का काय तुला?"

मी खरं काय ते सांगितलं. "कुणाला बोलू नका" असंही म्हणाले. काकांनी मान हलवली आणि ते खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दारात.

"एकच इचारतो. बाटली केवढी असती? न्हाय, शेवटी शेवटी पोराचं पाय अवघडत असतील की!"

मी हसले. इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्या विषयावर सात वर्षांत मी पहिल्यांदाच हसत होते.

माझे यजमान विजय नोकरीमुळे आठवड्यातले चार दिवस गडहिंग्लजला असतात. ते नसले की काका मला स्कूटरवरून दवाखान्यात सोडायला लागले. आधी बाहेर थांबायचे. मग आत बाकावर बसायला लागले. मग एक दिवस डॉक्टरबाईंना म्हणाले, "बाई, अडाणी माणूस हाय, जरा इचारू का?" आणि जे सुरू झाले ते थांबेचनात. जुळीच होतात का? पोरं नाजूक निपजतात का? दोष बाईतच असतो ना? डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या. बऱ्याचदा एकच गर्भ सोडतात, म्हणून जुळी व्हायलाच पाहिजेत असं नाही, म्हणाल्या. अडचण बाईत असते, पुरुषातही असते, कधी दोघांत, आणि कधी कितीही तपासलं तरी सापडत नाही, म्हणाल्या.

"आन् रक्त कुणाचं?" हे मात्र काकांनी तीन वेळा विचारलं.

"नवरा-बायकोचंच बीज असतं, काका. दुसऱ्या कुणाचं घ्यायची वेळ आली, तर दोघांना विचारून, त्यांच्या सह्या घेऊन. चोरून काही होत नाही."

काका येताना स्कूटरवर काहीच बोलले नाहीत. मला नवल वाटलं.

त्यानंतर बावड्यात कुणाची चूक काकांच्या कानावर पडायची खोटी. बारसं असो, पिठाची गिरण असो, काका बरोबर हजर. एका लग्नात तर त्यांनी बुंदीचं ताट हातात धरून नवरदेवाच्या मामाला पंधरा मिनिटं उभं केलं. आता हा माणूस एवढं बोलतो, शाहूपुरीतल्या त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरही दिसतो, मग लोकांनी काय समजायचं? गल्लीत बातमी पसरली की अडुसष्टाव्या वर्षी शिवाप्पाकाका आणि गौराक्का बाळासाठी उपचार घेतायत!

मी घाबरून खाली गेले. "काका, तुम्ही खरं सांगून टाका. माझ्यासाठी लोकांचं कशाला ऐकता?"

"बोलू दे की लोकास्नी. मी म्हणलं, व्हय, जातोय. का, तुमच्या पोटात का दुखतंय?"

गौराक्का आतून ओरडल्या, "मला इचारलं का पर?" आणि पदर तोंडाला लावून हसत बसल्या. माझं नाव त्या दोघांच्या तोंडून कधीही बाहेर पडलं नाही.

पहिल्या वेळी यश आलं नाही. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, खात्री कुणीच देऊ शकत नाही. तरी मी कोसळले. मी जास्त चालले म्हणून झालं, जिना चढले म्हणून झालं, असं घोकत बसले. काका वर आले. आज काहीतरी समजावतील असं वाटलं. ते दाराशेजारच्या स्टुलावर बसले, अर्धा तास बसले, आणि उठताना एवढंच म्हणाले, "जिन्यानं काय होत न्हाय. मी बाईस्नी फोन करून इचारलंय."

दुसऱ्या वेळी राहिलं. मुलगी झाली. आम्ही तिला घेऊन घरी आलो त्या दिवशी काकांनी कपाळाला ठसठशीत विभूती लावली होती आणि दोनदा हात धुतले होते. मुलीला त्यांनी क्षणभर मांडीवर घेतलं. त्यांनी तिला पटकन गौराक्कांकडे दिलं आणि ते बाहेर निघून गेले.

"महेशची पोरबी अशीच झाली," गौराक्का हळूच म्हणाल्या. "चार वर्साची हाय आता. आमचं ह्ये फोनवर म्हणलं, बाटलीतलं पोर, रक्त आपलं का कुणाचं कुणास ठावं. सूनबाईनं ऐकलं. तवापास्नं कोण आलं न्हाय. नात आम्ही फोटोत बघितलीया."



चार दिवसांनी काका मोबाईल घेऊन वर आले. सुनेला निरोप लिहायचा होता. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. बीज, बशी, पाच दिवस, डॉक्टरबाई, सगळं आलं. मी म्हणाले, "काका, हे तिला माहीत आहे. ती त्यातून गेलीय."

काकांनी मोबाईलकडे बघितलं. मग म्हणाले, "पूस सगळं." आणि थांबत थांबत नवं सांगितलं. "सूनबाई, मी त्या दिवशी वाईट बोललो. आता मला खरं काय ते कळलंय. पण कळलं नसतं तरी तसं बोलायचं नव्हतं. पोर आपलीच हाय. माझं चुकलं."

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काकांनी गल्लीत कुणालाही काही समजावलं नाही. उत्तर आलं ते एवढंच, "मेच्या सुट्टीत येतो."

ते आले तेव्हा मी लेकीला घेऊन फाटकातच होते. गाडीतून आधी महेश उतरला, मग सूनबाई, मग पिवळ्या फ्रॉकमधली ती. काका पुढे गेले आणि तिच्यासमोर नुसतेच उभे राहिले. 

"अज्जा हायत तुझं," गौराक्का म्हणाल्या.

मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग एक पाय पुढे केला. "अज्जा, माझा पट्टा सुटलाय."

काका गुडघ्यावर बसले आणि तिच्या सँडलचा पट्टा लावायला लागले. ती तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. पट्टा लावायला एवढा वेळ लागत नाही. पण काकांची मान वर येईना. सूनबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्या घाई न करता, उन्हात तशाच थांबल्या.