पौलभाऊंची माफी

अमरावतीत पौलभाऊ समोरून येताना दिसले, की लोक गल्ली बदलत. ते भांडखोर होते म्हणून नव्हे. ते माफी मागत म्हणून.

"शेटजी, काल मनातल्या मनात तुमाले रेडा म्हनलो. माफी करा." भरबाजारात एवढं बोलून हात जोडायचे. बिचाऱ्या शेटजींना ठाऊकच नसायचं. आता साऱ्या पेठेला ठाऊक व्हायचं. पाद्रीसाहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. "तुमच्या उपदेशात झोप लागली. दोनदा."

आमची ख्रिस्ती घरं मोजून पाच. पौलभाऊंचं माझ्या शेजारी. मूळचे भातकुलीचे माळी. आमच्यात आले ते एकटेच; बायको सगुणा तिच्या भावाच्या मळ्यावर राहिली.

त्या वर्षांत विलायतेला आमच्या कापसाची भारी भूक लागली होती. मी वखारीत कामाला होतो. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडायचो, सगळेच शिंपडत. एका सकाळी पौलभाऊ वखारीच्या दारात हात जोडून उभे.

"दावीद, तुले मनात चोर म्हनलो. कापसाले पानी मारताना पायलं तुले. माफी कर."

गाडीवान खदखदून हसले. मालकानं मान वर केली. माझं डोकं फिरलं.

"सगुणावहिनीनं तुमाले टाकलं, तेच बेस केलं!" मी ओरडलो.

ते रागावले नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तिनं नाही टाकलं रे. बाप्तिस्मा घेतला तवा तिले इचारलंच नाही मी. साऱ्यायले माफी मागतो, पन तिच्यासमोर जाले पाय उचलत नाही. तू येशील संगं?"

भातकुली ती केवढी लांब! सकाळी निघालो असतो तर दुपारी पोचलो असतो.

"हंगाम सरू द्या," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

उन्हाळ्यात पटकीनं सगुणावहिनी गेल्याचा निरोप आला. तेव्हा मात्र मी बरोबर गेलो. तिच्या भावानं आम्हाला बांधावरच अडवलं.

"आता काहून आले? वांगे लावून गेली ते. पाहाले कोनी नाही."

जोडे काढून पौलभाऊ बांधालगतच्या वांग्यांच्या वाफ्याच्या कडेला बसले आणि तण उपटू लागले. मग तिच्या भावानं पाटाचं पाणी त्या वाफ्याकडे वळवलं. मीही खाली बसलो.