गफूरचाचा आणि माझं लाल सोंग

गफूरचाचा माणसाचं तोंड बघत नाही, पाय बघतो. तुम्ही त्याच्या दुकानापुढे उभे राहा, रामराम करा, सलाम करा, नाव सांगा, गाव सांगा. त्याची नजर तुमच्या गुडघ्याच्या वर चढायची नाही. चपलेची टाच कशी झिजलीय, अंगठा कसा टेकलाय एवढं बघून तो तुमचा निकाल लावून टाकतो. माझा निकाल त्यानं कधीच लावलाय. "टाच बाहेरनी झिजस तुन्ही, भिकन. पयाना पाय शेत." म्हणजे मी पळ काढणाऱ्याचे पाय घेऊन जन्माला आलोय. हे वाक्य त्यानं सुरतेहून आलेल्या तीन व्यापाऱ्यांसमोर ऐकवलं. तासभर मी त्या तिघांना माझ्या मिरचीच्या भावावर आणत होतो. तिघांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि सौदा मोडला.

अजून एक. सगळं नंदुरबार मला भिकनशेठ म्हणतं. बँकेचा साहेब म्हणतो, रिक्षावाले म्हणतात, माझी सासूसुद्धा म्हणते. एकटा हा भिकन म्हणतो. का, तर ज्या पथारीचा मी आज मालक आहे, त्याच पथारीवर मी लहानपणी मिरच्यांचे देठ खुडायला येत होतो आणि ते त्यानं बघितलंय. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. माझ्या पथारीच्या फाटकासमोर, रस्ता ओलांडला की त्याचं दुकान. तो नालबंद. घोड्यांना नाल ठोकणारा. बापही तेच करायचा, आजाही तेच.

नालबंदाच्या तोंडात कायम खिळे असतात. एका हातात खूर, दुसऱ्यात हातोडा, मग खिळे ठेवणार कुठे? ओठांत. त्यामुळे चाचाचं बोलणं दोन शब्दांचं. तिसरा शब्द बोलायचा तर खिळे हातावर काढावे लागतात, आणि तेवढी तसदी तो सहसा घेत नाही. घोडा आवडला तर "पाणी शे." नाही आवडला तर "पाणी नई." पाणीदार घोडा म्हणतात ना, त्यातलं हे पाणी. या दोन शब्दांवर आमच्या गल्लीचा एवढा विश्वास की लोक त्याला बैल दाखवायचे, सायकल दाखवायचे. एकानं तर बहिणीसाठी आलेला नवरदेव काही तरी निमित्त काढून त्याच्या दुकानावरून चालवत नेला. चाचानं मान हलवली. लग्न मोडलं. मी म्हणतो, अरे, त्या नवरदेवाला चप्पल चावत असेल!

आणि हा माणूस घासाघीस करत नाही. दर एकच. कमी कर म्हटलं की खूर खाली ठेवतो आणि उठतो. मी आयुष्यात रद्दीवाल्यापासून ट्रान्सपोर्टवाल्यापर्यंत सगळ्यांना खाली आणलंय. या एका माणसाला एक इंच हलवता आलेलं नाही. त्याचा राग मला आधीपासूनच होता. गाडी नंतर आली.

गाडी मी सुरतेच्या एका कापडवाल्याकडून घेतली. दोन दारांची, लाल, लांबलचक बोनेट, त्यावर मधोमध दोन काळे पट्टे, गोल दिवे. फार पूर्वी अमेरिकेत अशा दांडग्या गाड्या निघायच्या म्हणतात. ही आत्ताची, पण चेहरामोहरा तोच. आतून सगळं नवं, बाहेरून सगळं जुनं. बटण दाबलं की अशी गुरगुरते की पोटात हलतं. चार दिवस मी त्या कापडवाल्याच्या दुकानात ठाण मांडून बसलो. टायर, काच, रंग, गाद्या, एकेका गोष्टीवर त्याला घाम फोडला. पाचव्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "शेठ, ले जाओ, लेकिन जाओ."

नवापूरला चहाला थांबलो तर ट्रकवाले उतरून गाडीसोबत फोटो काढायला लागले. नंदुरबारात शिरलो, प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं, पण लोक दुकानं सोडून बाहेर आले. कोणी म्हणे "एक नंबर", कोणी म्हणे "भारी". पथारीवरच्या बाया मिरच्या टाकून उठल्या. आणि मी, मूर्ख, गाडी थेट गफूरचाचासमोर नेऊन उभी केली.

तो आला. उकिडवा बसला. चारही चाकं बघितली. मग उठून बोनेटपाशी गेला. तिथं दोन मोठ्या झडपा आहेत, घोड्याच्या नाकपुड्यांसारख्या, आत वारा जायला. त्यानं एका नाकपुडीत बोट घातलं. बोट अर्ध्या इंचावर थांबलं. आत काळं प्लास्टिक. भोकच नव्हतं. नुसता देखावा! त्यानं खिळे हातावर काढले. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"नाक शे, भोक नई," तो म्हणाला. "घोडाना दम नाकमां ऱ्हास. हाई गाडी नई, भिकन. सोंग शे."

पन्नास माणसं उभी होती. सगळी हसली.

मी भडकलो. "चाचा, चारशे घोडास्नी ताकद शे हिन्हामां!"

"चारशे? त्यामातला एक बी नाल ठोकाले मन्हाकडे उना नई."

पुन्हा हशा. मी त्याला समजावलं, नव्हे, ओरडून सांगितलं, की जुन्याचा रुबाब आणि नव्याचा आराम एकाच गाडीत मिळतो, जग या गाड्यांवर जीव टाकतं, यात वाईट काय? तो म्हणाला, जुन्या गाडीचं तोंड लांब होतं कारण तिचं इंजिन लांब होतं. त्या लांबीला कारण होतं. हिला दुसऱ्याचं तोंड लावलंय. "आजोबानी पगडी घालीसन आजोबा व्हता येत नई." एवढं बोलून खिळे परत ओठांत.

खरं सांगतो, सोंग म्हटल्याचा राग मी गिळला असता. पण चार दिवस मी त्या गाडीची इंच इंच घासाघीस केली आणि त्या नाकपुडीत बोट घालायचं मला सुचलं नाही! ते त्याला पहिल्या दोन मिनिटांत सुचलं. तिथं माझं पित्त खवळलं.

दुसऱ्या दिवसापासून गावानं गाडीचं बारसं केलं. "भिकनशेठ, सोंग काढं का आज?" "सोंग धुवाले टाकं का?" पेट्रोलपंपावर पोरगं विचारतं, "सोंगमां टाकी फुल करू?" बायको म्हणाली, "बाजारात जायचंय, सोंग काढा." घरातसुद्धा!

मी रोज चाचाच्या दुकानात जाऊन घासाघीस सुरू केली. वस्तूची नव्हे, शब्दाची.

"'पाणी शे' म्हण."

"नई."

"बरं, 'बरी शे' म्हण."

"नई."

"'वाईट नई' एवढं तरी?"

"खोटं कशाले बोलू?"

आठ दिवस गेले, एक अक्षर सुटलं नाही. नवव्या दिवशी मी त्याच्यावर आग पाखडली. "तुन्ही जळस! वरातीले आते घोडी कोन्ही आनत नई, मन्हा सारखी गाडी आनतस. तुन्हा धंदा बुडी ऱ्हायना, म्हनीसन नावं ठेवस!" तो ऐरणीवर नाल ठोकत राहिला. मी आणखी बोलायला तोंड उघडलं, आणि भिंतीकडे लक्ष गेलं.

भिंतभर नाल टांगलेले होते. नवे कोरे, चार-चारच्या जुड्या तारेत ओवलेल्या. छपरापर्यंत. एकही वापरलेला नाही.

लॉरीच्या दबलेल्या स्प्रिंगपाट्यांकडे बघून आत पोती किती ते सांगणारा माणूस मी. समोरच्या दुकानात गिऱ्हाईक किती वेळ बसलं ते मला पाठ असतं. आणि रोज माझ्या फाटकात बसून मला कळलं नव्हतं की या दुकानासमोर शेवटचा घोडा कधी उभा राहिला. वरातीला घोडी पुरवणाऱ्या बँडवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "शेठ, घोडी तर आम्ही गेल्या यात्रेनंतरच विकली. आता डीजे आणि गाडी." धडगावकडची तट्टं यायची, तिकडं आता रस्ते झाले. म्हणजे हातोडीचा तो आवाज, जो मी रोज सकाळी ऐकून म्हणायचो, म्हाताऱ्याचं बरं चाललंय, तो कुठल्याच घोड्यासाठी नव्हता.

तरी माझा राग गेला नाही. कशाला जाईल? दया आली म्हणून भोक नसलेल्या नाकाला भोक पडत नाही.

पुढच्याच आठवड्यात सारंगखेड्याची यात्रा. घोड्यांचा बाजार. चाचा दरवर्षी जायचा, बँडवाल्याच्या टेम्पोत घोडीशेजारी बसून. यंदा घोडी नाही, टेम्पो नाही. सकाळी तो माझ्या फाटकात आला. पायाशी लोखंडी पेटी, वर छोटी ऐरण बांधलेली. तोंडात खिळे नव्हते.

"भिकन, सारंगखेडाले ली चाल. पेटी जड शे. येष्टीवाला चढू देत नई."

आयुष्यभर मी ज्या क्षणासाठी सौदे करतो तो समोर उभा होता. समोरच्याला गरज आहे, आणि त्याला हवं ते फक्त माझ्याकडे आहे. मी गाडीला टेकून उभा राहिलो.

"एक शब्द बोल. आते निघूत."

तो गाडीकडे बघत राहिला. मला वाटलं, आला हा खाली. मग त्यानं पेटी उचलली.

"मंग ऱ्हाऊ दे."

आणि निघाला. सारंगखेड्याच्या रस्त्यानं, वाकून, दर वीस पावलांवर पेटी खाली टेकवत. मी तिथंच उभा राहून त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर मोठ्यानं घातल्या. मग गाडी काढली, पुढं नेऊन त्याच्यासमोर आडवी घातली आणि दार उघडलं.

"बस! नावंच ठेवनी शेतस ना, मंग आत बशीसन ठेव!"

तो बसला. पेटी मांडीवर. तापीच्या पुलापर्यंत ती त्यानं खाली ठेवली नाही.

यात्रेत नाल ठोकणारे ठिकठिकाणचे आलेले. त्यांच्याकडे कारखान्यातले तयार नाल, चकचकीत. चाचानं नेहमीच्या लिंबाखाली गोणपाट अंथरलं. दुपार झाली तरी त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. मला पथारीवर माल उतरवून घ्यायचा होता, तरी मी निघालो नाही. का, ते विचारू नका.

शेवटी एक राजस्थानी मालक पांढरी घोडी घेऊन आला, सोबत गिऱ्हाईक. चाचानं डावा खूर उचलला, बोट फिरवलं. "तडा शे. हाई नाल काढा, दुसरा ठोकना पडी. आज पळाडू नका."

मालक उखडला. गिऱ्हाईकासमोर कोण ऐकून घेईल? "अरे बाबा, कुछ नहीं है. धंधा करने के लिए बोल रहा है," म्हणाला आणि दोर ओढला.

माझं डोकं फिरलं. "ए भाईसाब! ये धंधे के लिए बोलेगा? मेरी इतनी महंगी गाड़ी है. सुबह एक झूठ बोलता तो गद्दी पे बैठके आता. नहीं बोला! ये पेटी उठाके पैदल निकला! इसने खुर में तडा बोला तो तडा है!"

आवाज एवढा चढला होता की आजूबाजूची घोडी कान टवकारून बघायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, ठोकून घ्या. मालकानं चिडून दोर माझ्याच हातात कोंबला आणि बाजूला जाऊन बिडी पेटवली.

चाचानं जुना नाल काढला. खूर तासला. तडा निघाला, केसाएवढा. मग नवा नाल बसवला, खिळ्यांची टोकं वळवली, कानस फिरवली. सगळं हळू, जणू कोणाला झोपवतोय. काम संपलं. तरी खूर मांडीवरच.

"झालं ना, चाचा?" मी म्हणालो. "सोड ना मंग."

त्यानं मान वर केली नाही. तळहात खुरावर होता, अंगठा हळूहळू फिरत होता.

"ऱ्हाऊ दे जरासा," तो म्हणाला. "बहू दिन व्हई गयात."

घोडीनं पाय ओढून घेतला नाही. मी दोर धरून उभा राहिलो.