चौदा कलमी पिल्लू

पिल्लू घ्यायचं नक्की झालं त्याच संध्याकाळी तपासनीसांनी फ्रिजच्या दारावर चौदा कलमांचा कागद चिकटवला. कलम एक : अनोळखी माणसाला कसलीही माहिती द्यायची नाही. कलम चार : पिल्लू हातात आल्याशिवाय छदामही द्यायचा नाही. कलम सहा : फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. असं करत करत कलम चौदा : शंका आल्यास कलम एकपासून पुन्हा सुरुवात करावी.

तपासनीस हे त्यांचं नाव नव्हे, काम. विमा कंपनीत लोकांचे दावे ते तपासायचे. गाडी खरंच ठोकली का, छप्पर खरंच उडालं का, उडालं तर आधी ते होतं का. शंका घेण्याचा पगार मिळायला लागला की माणूस ती थोडी घरीही आणतो. हे जरा जास्तच आणत. शिवाय ते इमारतीचे सचिव होते आणि रहिवाशांची जाड वही त्यांच्याच कपाटात असे. वहीत नाही तो माणूस इमारतीत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पिल्लाची गरज मात्र अगदी खरी होती. तपासनीसांचे वडील, म्हणजे आबा, निवृत्त पोस्टमन. आजी गेल्यापासून त्यांनी खिडकीजवळची खुर्ची धरली होती ती सोडायलाच तयार नव्हते. रोज तासभर चाला, नाहीतर गुडघे आणि हृदय दोन्ही संपावर जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यावर आबांचं एकच म्हणणं. "काम सांगा, चालतो. पस्तीस वर्षं चाललो, पण एक दिवस बिनकामाचा चाललो नाही. नुसतं जायचं आणि परत यायचं, याला काय अर्थ आहे?"

तोडगा काढला तो तपासनीसांच्या मुलीने, चिमणीने. चिमणी पाचवीत होती. ती म्हणाली, "आबा, कुत्र्याला फिरवून आणणं हे काम आहे ना?"

आबांनी बऱ्याच महिन्यांनी खिडकीवरून मान वळवली. "आहे," ते म्हणाले. "जबाबदारीचं आहे."

आबांना नोकरीत अकरा वेळा कुत्री चावली होती, पण त्यातल्या एकाबद्दलही त्यांच्या मनात राग नव्हता. ती त्यांची ड्युटी करत होती, मी माझी, असं ते सांगत.

तेव्हा शोध सुरू झाला. तपासनीसांनी 'पिल्लू' अशी फाइलच उघडली आणि चार दिवसांत इंटरनेटवरचे सहा विक्रेते निकालात काढले. आणि खरं सांगायचं तर सहाही भामटेच होते. एकाने तेच पिल्लू चार वेगवेगळ्या नावांनी विकायला काढलं होतं. एकाने आधी पिल्लू पाठवायच्या गारेगार पेटीचं भाडं मागितलं, मग पेटीतल्या पिल्लाच्या विम्याचा हप्ता. विम्याचं नाव निघाल्यावर तपासनीसांनी त्याला पॉलिसीची कलमं विचारली, तेव्हा तो बिचारा स्वतःच फोन बंद करून पळाला. त्या दिवशी तपासनीस दोन पोळ्या जास्त जेवले.

सातवी जाहिरात साधी होती. "पिल्लू द्यायचे आहे. एक कान उभा, एक पडका. लसीचा खर्च द्यावा. माणूस चांगला हवा."

"किंमत फारच कमी आहे," तपासनीस म्हणाले. "हीच पहिली खूण."

"काल म्हणालात, किंमत जास्त असणं ही पहिली खूण," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला मागचं आठवायचं.

"दोन्ही खुणा आहेत, अगं. मधली किंमत ही तिसरी."

तरी चिमणीच्या हट्टापायी त्यांनी निरोप पाठवला. नाव विचारल्यावर 'ग्राहक' असं कळवलं. कुठे राहता, याला उत्तर दिलं, 'घरात'. पलीकडून एका बाईंचा निरोप आला, "पिल्लू कुठे जाणार हे कळल्याशिवाय मी देत नाही. तुमचं घर बघायला येईन." तपासनीसांनी चष्मा काढून सगळ्यांकडे पाहिलं. "बघा. घर बघायचंय त्यांना. आत काय काय आहे ते."

मग व्हिडिओ कॉल ठरला. पिल्लाच्या शेजारी आजचं वर्तमानपत्र धरा, तारीख दिसली पाहिजे, अशी तपासनीसांची अट. बाईंनी वर्तमानपत्र धरलं. पडद्यावर एक तांबूस गोळा आला, एक कान उभा, एक पडका, आणि त्याने पहिल्या झटक्याला तारीखच खाल्ली.

"पुरावा नष्ट केला," तपासनीस पुटपुटले.

चिमणी मात्र आरडाओरडा न करता नुसती हसत राहिली आणि आबा खुर्ची ओढत फोनजवळ आले. तेवढ्यात पिल्लू भुंकलं. ते फोनमध्ये भुंकलं आणि त्याच क्षणी खिडकीबाहेरही भुंकलं. पाठोपाठ फोनमधून आवाज आला, 'कृपया लिफ्टचे दार बंद करा', आणि जिन्यातूनही तोच.

"आवाज घरातच घुमतोय," आबा म्हणाले.

"रेकॉर्डिंग आहे ते, आबा. हल्ली सगळं बनवता येतं."

"अहो, तुम्ही तोंड का नाही दाखवत?" फोनमधल्या बाई विचारत होत्या. "मला नुसता काळोख दिसतोय. चांगल्या घरातला माणूस काळोखातून बोलतो का?"

"चिकटपट्टी आहे," तपासनीस म्हणाले. बाईंनी फोन ठेवला.

तरी त्या सभ्य होत्या. सोमवारी त्यांनी शेवटचा निरोप पाठवला. भलेपणा असेल तर समोर येऊन बघा, रविवारी संध्याकाळपर्यंत थांबेन, नाहीतर पिल्लू लांब माझ्या भाचीकडे जाईल. खाली पत्ता दिला होता. तपासनीसांनी तो फाइलमध्ये लिहून घेतला, आणि लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. पत्ता त्यांच्याच इमारतीचा होता. चौथा मजला, अकरा नंबर.

"हद्द झाली," ते म्हणाले. "अकरा नंबर दोन वर्षं बंद आहे. माझ्या वहीत आहे. म्हणजे या टोळीकडे आपला पत्तासुद्धा पोचलाय."

"अहो, मग जिना चढून बघून या ना," बायको म्हणाली. "तीन मजले तर आहेत."

"तेच हवंय त्यांना. आपण वर गेलो की खाली घर मोकळं."

बायको वह्या तपासायला बसली. तपासनीसांनी पत्त्यावर लाल पेनाने 'बनावट' असा शेरा मारला, फाइल टेबलावर टाकली आणि खाली जाऊन फलकावर सूचना लावली : 'सावधान. बंद खोलीच्या नावाने पिल्लू विकणारी टोळी सक्रिय आहे. - सचिव.'

मंगळवारी ऑफिसातून येताना पाहतात तो त्याच्या शेजारी सुंदर अक्षरात दुसरी सूचना. 'सावधान. एक इसम तोंड व नाव लपवून पिल्लांची चौकशी करतो. पिल्लं पळवणारा असावा. दार उघडू नये. - एक रहिवासी.' तपासनीसांना भरून आलं. इतक्या वर्षांत या इमारतीत आपल्यासारखं कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढून खाली लिहिलं, 'उत्तम. अशीच जागरूकता ठेवावी.'

या गडबडीत एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत होती, ती बायकोने दाखवली. "आबा रोज पाच वाजता कुठे जातात?"

खुर्ची खरंच रिकामी असायची. आबा साडेसहाला परत यायचे, गालांवर रंग, बुटांवर धूळ आणि विजारीला तांबूस केस. बिस्किटांचा डबा तळाला लागला होता. एकट्या म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून गुंडाळणाऱ्यांवर त्यांनी ऑफिसात भाषण दिलं होतं.

"आबा, कुठे जाता तुम्ही?"

"कामाला."

"कुणाकडे?"

आबांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. "कलम एक. अनोळखी माणसाला माहिती द्यायची नाही."

"मी अनोळखी आहे?"

"आठ दिवसांत माझ्याशी एक शब्द बोललायस का तू? सारखा त्या फाइलशी बोलतोस."

तपासनीसांना ते लागलं. पण लागलं की माणसाने थोडं थांबून विचार करावा, ते न करता त्यांनी टोळीचा कायमचा निकाल लावायचं ठरवलं. बाईंना निरोप गेला, 'रविवारी पाच वाजता इमारतीच्या फाटकाशी पिल्लू घेऊन या.' उलट निरोप लगेच आला, 'येते.'

रविवारी पावणेपाचला ते वॉचमनच्या खोलीपाशी गेले. "पाच वाजता तू त्या पत्रपेट्यांच्या मागे लपायचं. मी खूण केली की बाहेर येऊन धरायचं."

वॉचमनने डोकं खाजवलं. "साहेब, पाचला मला तिथेच लपायचंय. आधीच ठरलंय."

"कुणाशी?"

"ते सांगायचं नाही म्हणालेत. पण जागा तीच आहे, मग चालेल ना?"

तपासनीसांना घाई होती. ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. तिथे एक साठीच्या बाई आधीच उभ्या होत्या. ताठ पाठ, पांढरी साडी, हातात झाकणाची रिकामी टोपली. कुणाची तरी आई असावी. पाच मिनिटं दोघं रस्त्याकडे पाहत राहिले.

"कुणाची वाट बघताय?" शेवटी बाईंनी विचारलं.

"एका भामट्याची," तपासनीस म्हणाले. "तुम्ही?"

"मीसुद्धा. अहो, काय दिवस आलेत. तोंड दाखवत नाहीत, नाव सांगत नाहीत."

"आणि पत्ता देतात तो दुसऱ्याच्या बंद घराचा."

"म्हणून तर मी फलकावर लिहिलं."

"ते तुम्ही लिहिलंत?" तपासनीसांनी हात जोडले. "काय मसुदा होता. मी सचिव. तुम्ही कमिटीवर याच."

"येईन की," बाई खुश झाल्या. "चाळीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होते. माणूस दारातून आत आला की ओळखते मी."

त्याच वेळी फाटकातून आबा आत आले. अंग घामेजलेलं, चाल पोस्टमनची, आणि हातातल्या दोरीच्या टोकाला एक तांबूस गोळा. एक कान उभा, एक पडका. गोळा धावत जाऊन आधी सिस्टरांच्या पायाशी लोळला, मग त्याने तपासनीसांचा बूट तपासायला घेतला.

"आज लवकर निघून लांबची फेरी केली, सिस्टर," आबा म्हणाले. मग त्यांनी मुलाला पाहिलं. "अरे, तू इथे?"

"दादा, हे तुमचे कोण?" सिस्टरांनी विचारलं.

"मुलगा," आबा म्हणाले, आणि जरा खाकरून, "म्हणजे, तो ग्राहक."

सिस्टर तपासनीसांकडे बघत राहिल्या, तपासनीस टोपलीकडे. पत्रपेट्यांच्या मागून वॉचमनचं डोकं वर आलं. "साहेब, बाई, आता कुणाला धरू?"

सगळ्यांना कळायला फार वेळ लागला नाही, कारण आबांकडे सगळं होतं. अकरा नंबर सिस्टरांचाच. त्या दोन वर्षं बहिणीकडे होत्या आणि महिन्यापूर्वी परत आल्या. वॉचमनला माहीत होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. "साहेब म्हणतात, वहीत असतं सगळं," तो म्हणाला.

"पण आबा, तुम्ही वर गेलात कसे?"

"टेबलावर पत्ता पडला होता," आबा म्हणाले. "पत्ता हातात आहे आणि मी दारापर्यंत गेलो नाही, असं पस्तीस वर्षांत झालेलं नाही. म्हटलं, खोटा असला तर 'असा इसम राहत नाही' म्हणून परत येऊ. तर इसम चहा करत होता."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू कुणाला सांगू नको म्हणालास. आणि या त्या ग्राहकाबद्दल इतकं वाईट बोलत होत्या की माझाच मुलगा आहे म्हणायचा धीर झाला नाही. पिल्लू नेता का, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, घरी चौकशी चालू आहे, अहवाल आला की सांगतो."

तपासनीसांना एकदम हसू आलं. आधी ते दाबून पाहिलं, पण बुटाची नाडी सुटून पिल्लाच्या तोंडात गेली तेव्हा दाबता येईना. महिनोन्‌महिने खुर्चीत बसलेला आपला बाप घामाने भिजून, छाती काढून उभा आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. "अहवाल आलाय, आबा," ते म्हणाले. "पिल्लू खरं आहे."

"तुमचा आला असेल," सिस्टर म्हणाल्या. "माझा राहिलाय."

त्या घर बघायला आल्या. खिडक्यांना जाळ्या आहेत का, पाण्याचं भांडं कुठे, दिवसा घरी कोण, सगळं विचारलं. आबा पास झाले, चिमणी पास झाली, बायको पास झाली. फ्रिजवरचा कागद त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि तपासनीसांना महिनाभर देखरेखीखाली ठेवलं. अट अशी की, संध्याकाळी लवकर घरी येऊन त्यांनीही आबांबरोबर फेरीला जायचं. आणि त्यांचा आठवड्याचा अहवाल आबांनी अकरा नंबरला पोचवायचा.

तपासनीसांनी वहीत अकरा नंबरपुढचं 'बंद' खोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाचच्या ठोक्याला ते घरी येऊ लागले. फेरीत आधी पिल्लाविषयी बोलणं व्हायचं, मग आबांच्या जुन्या रस्त्यांविषयी, मग आजीविषयी. पहिला अहवाल रविवारी गेला. सिस्टरांनी तो चिमणीला वाचून दाखवला. आबांनी पोस्टाच्या जुन्या सवयीने एकाच ओळीत शेरा मारला होता : 'बऱ्याच वर्षांनी इसम दिलेल्या पत्त्यावर सापडला.'