तीन फुटांचा नदीकाठ

लग्नात गुरुआप्पांच्या हाती कुणी भाजीची बादली देऊ नये. दिली, की हा माणूस पंगतीच्या शेवटच्या पानापासून वाढत येतो. मागच्या वैशाखात नवरदेवाचे मामा पहिल्या पानावर कोरडा भात चिवडत बसले, आणि तिकडं टोकाला पोरं दुसऱ्यांदा वांगं ओरपत होती. मामांनी आवाज दिला, तर आप्पा म्हणतात, "दम धरा की! टेलला पोचू द्या आधी."

आप्पा आमचे शेजारी. सगळी नोकरी पाटकरी म्हणून केली, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण ते टोक काही सुटलं नाही. माझ्याच घरात, माझाच चहा, आणि कोपऱ्यात बसलेल्याला आधी द्यायचा हा कायदा त्यांचा!

उन्हाळ्यात उमरग्याला दाढ काढायला गेले आणि दवाखान्यातली माशांची पेटी बघून आले. दाढ राहिली बाजूला. "बाई, पाणी हाय, मासं हायती, पण काठ कुठंय? काठ न्हाय ती कसली नदी?"

झालं. तीन फुटी काचेची पेटी आली. पाणी निम्म्यापर्यंत, वर मागच्या काचेला टांगलेल्या कुंड्या, त्यांत झाडं आणि झाडांची मुळं खाली पाण्यात. मुदत नागपंचमीची. त्या दिवशी त्यांची थोरली बहीण, अक्का, अकरा वर्षांनी येणार होती. आप्पा स्वतः जाऊन पाया पडून बोलावून आले होते. ती 'येते' म्हणाली नव्हती, 'बघू' म्हणाली होती.

मला वाटलं, बहिणीपुढं मिरवायचं असेल. मिरवा बापडे! पण माझ्या घरावर धाड कशाला? वाळू धुवायला माझी पुरणाची चाळणी गेली. न्हाणीतली काचेला चिकटणारी साबणाची डबी गेली, कुंडी म्हणून. लव्हाळा, वेखंड ओढ्यावरून आलं. मी शाळेतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर सात नकाशे झाले आणि सातही खोडले. अडचण एकच. जुन्या कूलरची मोटर डावीकडं, आणि पाणी आधी पडायला हवं उजवीकडच्या शेवटच्या कुंडीत.

"मग डावीकडूनच सोडा की," मी वैतागून म्हटलं.

"समदे तसंच करत्यात, बाई," आप्पा एकदम हळू बोलले.

त्या शेवटच्या कुंडीत, म्हणजे माझ्या साबणाच्या डबीत, मी पुदिना लावायला गेले तर हात धरला. "ती अक्काची जागा हाय."

शेवटी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला सांगितलं. "अक्काचं शेत ह्यांच्याच पाटावर, टेलला हुतं. वरची बडी माणसं पाणी अडवायची. ह्यांनी कधी तोंड उघडलं न्हाय. बहिणीसाठी भांडतोय म्हणतील, ह्याचं भ्या. एक साल हरभरा उभा वाळला. तवा अक्का म्हणाली, 'पाटकरी भाऊ नसता तर बरं झालं असतं.' तवापासनं आली न्हाय."

मी चाळणी मागायला गेले होते. तशीच परत आले.

पंचमीला अक्का आली. हातात लाह्यांच्या ज्वारीची पिशवी, चेहरा कोरडा. टेकलीसुद्धा नाही. आप्पांनी बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पाणी काही येईना. आप्पांना दरदरून घाम! मोटर थोपटून झाली, शिव्या देऊन झाल्या.

"गुरू, नळी मुरगळलीया," अक्का म्हणाली आणि पुढं होऊन तिनंच नळी सरळ केली. पाणी नळीतून सगळा काठ ओलांडत गेलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या कुंडीत पडलं.

"ही रिकामी का?"

"तुझी हाय, अक्का." आप्पा म्हणाले. "चुकलं माझं. तवा भांडायला पायजे हुतं."

अक्कानं पाण्याखाली बोटं धरली. मग डोळ्यांना पदर लावला, पिशवीतले चार दाणे काढले आणि कुंडीत दाबले. "उगवलं तर पुढल्या पंचमीला बघाय येते," म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

उगवलंय. काचेच्या पेटीत कुणी ज्वारी लावतं का? येणारेजाणारे हसतात. मी साबण खिडकीत ठेवते. आणि रोज सकाळी भिंतीपलीकडून आप्पांचा फोनवरचा आवाज ऐकू येतो, "अक्का, टेलला पोचलं बरं का."