पोटावरचा लोटा

एकाहत्तरचा डिसेंबर. खिडक्यांना काळा कागद, फॅक्टरीला रविवारचीही सुटी नाही, आणि खमरियाच्या फॅक्टरी-वसाहतीत कोणाचा नवरा थोडा उशिरा आला की त्या घरातला स्वयंपाक थांबायचा. दारूगोळा भरणाऱ्या माणसाच्या उशिराला बायकांना एकच कारण सुचायचं.

अशा दिवसांत विभावरीने क्वार्टरमध्ये गाण्याचा वर्ग काढला. (फॅक्टरीचा भोंगा रोज वाजायचा आणि ती रोज दचकायची. हे ठरवताना मात्र नेमकी दचकली नाही.) जवानांच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. फॅक्टरीच्या वेल्फेअरचे साहेब रविवारी संध्याकाळी वर्ग बघणार आणि पसंत पडला तर सगळ्या गायकांची तयारी तिच्याकडे देणार होते. बी.ए.ला घेतलेलं संगीत पहिल्यांदाच कामी येणार होतं.

शिष्य तीन. शेजारचे रामकृष्णराव भजनवाले, एक भैया कव्वालीवाले, आणि एक फिटर सिनेमातली गाणी म्हणणारा. विभावरीचं म्हणणं, गाणं कोणतंही असो, आधी श्वास खांदे न उचलता पोटातून यावा, ढंग मागाहून. म्हणून त्या रविवारी तिने तिघांना सतरंजीवर ओळीने उताणं निजवलं. थंडीसाठी पांढऱ्या चादरी दिल्या. तिच्या नवऱ्याने, मुरलीधरने, प्रत्येकाच्या पोटावर पाण्याचा लोटा ठेवला.

"श्वास घेतला की लोटा वर, सोडला की खाली. ज्याचं पाणी सांडेल तो कार्यक्रमातून बाद. बोलायचं नाही," विभावरीने बजावलं.

रामकृष्णरावांनी कान गार पडतात म्हणून चादर डोक्यावरून ओढली.

ते शिफ्टवरून परस्पर इकडे आले होते. (गाणं शिकतो म्हटलं तर बायको हसली असती.) वाट पाहून कासावीस झालेल्या त्यांच्या बेबीताई विचारायला दारात आल्या. मिणमिणता दिवा, ओळीने तीन पांढऱ्या चादरी, आणि एका चादरीबाहेर त्यांनीच रफू केलेले मोजे.

त्या मटकन खाली बसल्या.

"मले कोणी सांगितलं काहून नाही? देवमाणूस होता हो. कधी वर डोळे करून बोलला नाही."

सांगायचं सोडून विभावरी दचकून पाणी आणायला धावली, तिच्यामागे मुरलीधर. रामकृष्णराव हलले नाहीत. लोट्याची भीती होतीच, शिवाय लग्नानंतर एवढं कौतुक ते प्रथमच ऐकत होते.

"सकाळीच भांडली मी. भाजीत मीठ नाही म्हणाला म्हणून. खरंच नव्हतं हो मीठ."

"तेच सांगून राहिलो होतो मी," चादर म्हणाली आणि उठून बसली.

बेबीताईंची किंकाळी, तिन्ही लोटे आडवे, आणि दारात साहेब.

"ये क्या हो रहा है? गाना कौन सिखाता है यहाँ?"

विभावरी पुढे झाली. तोंड उघडलं. पोटातून खोल, सरळ श्वास आला. आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नुसता श्वास.

साहेबांनी ओली सतरंजी पाहिली, नवऱ्याचा पाय घट्ट धरून रडणाऱ्या बेबीताई पाहिल्या. "आप आराम कीजिए, बहनजी," ते हळूच म्हणाले, आणि तयारीचं काम फॅक्टरीच्या बँडमास्तरकडे गेलं.

सगळे गेल्यावर मुरलीधर फरशी पुसता पुसता म्हणाला, "पद्धत मात्र बरोबर होती हं तुझी. खांदे जराही उचलले नाहीत."