ईदला परगावी

"या ईदला आपण परगावी जातोय," बाइंडरनं बायकोला सांगितलं.

रोजा सुटायला अजून अवकाश होता आणि ती कणीक मळत होती. "कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं सांगायचं."

तिनं मळता मळता नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. ताप वगैरे नव्हता.

बाइंडर छापखान्याच्या मागच्या खोलीत खळीच्या वासात बसून पुस्तकं बांधायचा. मालकानं सणाआधी हिशेब चुकता करायचा शब्द दिला होता, पण हल्ली बाइंडर दिसला की तो मशीनखाली वाकून काहीतरी शोधू लागे. त्यात यंदा ईदच्या जेवणाची पाळी बाइंडरच्या घरची होती, आणि जेवायला येणार होता साडू.

बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा लाकडाच्या वखारीत कारकून होता. घरात मात्र सगळे त्याला वखारवाला म्हणत, जणू वखार त्याच्या वडिलांची. दोन्ही घरांनी ईदची दुपार आळीपाळीनं एकमेकांकडे घालवायची, असं बहिणींनी लग्नानंतर ठरवलं होतं. बेत साधा होता. शेवया खायच्या, पोरांच्या हातावर ईदी ठेवायची आणि पुरुषांनी ताणून द्यायची. पण एका वर्षी धाकटीनं शेवयांवर पिस्ते पेरले आणि तिथून सगळं बिनसलं. पुढच्या वर्षी इकडे मटण शिजलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिकडे मटणाच्या जोडीला कोंबडी आली. इकडे नवे पडदे लागले, तर तिकडे भिंतींना रंग. गेल्या ईदला तर वखारवाल्यानं बाइंडरच्या दोन्ही मुलींना चकाकत्या चपला दिल्या. मुली घरभर टॉक टॉक करत फिरल्या आणि बाइंडरच्या काळजात प्रत्येक टॉक जाऊन बसला.

"खोटं बोलायचं? तेही रोजा धरून?" बायको म्हणाली.

"रोजा सुटल्यावर निरोप पाठव."

कामासाठी परगावी जावं लागतंय, असा निरोप गेला. धाकटीचं उत्तर आलं की फार फार वाईट वाटलं, पण कामच असेल तर इलाज नाही, आमची काळजी करू नका. बाइंडरला हे उत्तर जरा जास्तच समजूतदार वाटलं. पण सुटलो म्हणून त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही.

खरी पंचाईत झाली जिन्यात. शेजारचा कंडक्टर ड्यूटीवरून परतत होता. "काय, ईदला गावाला निघालात म्हणे? कुठं?"

बातमी इतक्या लवकर जिना उतरेल याची बाइंडरला कल्पना नव्हती. काहीतरी सांगायला हवं म्हणून त्यानं पहिलं तोंडात आलं ते गाव सांगितलं. तिथं बायकोची म्हातारी खाला, म्हणजे मावशी, एकटी राहायची. बरीच वर्षं तिकडे कुणी फिरकलं नव्हतं.

"अहो, ती तर माझीच गाडी," कंडक्टर खूश झाला. "सणाची गर्दी मरणाची असते. चार जागा धरून ठेवतो."

"कशाला उगाच त्रास?"

"त्रास कसला? शेजारी कशासाठी असतात?"

बाइंडरनं घरी येऊन सगळं सांगितलं. बायको शांतपणे म्हणाली, "आता बांधा सामान."

एकच आशा उरली होती. उद्या ईद झाली तर कंडक्टर गाडीवर होता. परवा झाली तर त्याची सुट्टी होती. संध्याकाळी सगळी आळी चाँद बघायला गच्चीवर जमली, तेव्हा बाइंडर एकटाच ढग शोधत होता. लहानपणी याच चाँदसाठी तो वडिलांच्या खांद्यावर बसून मान दुखेपर्यंत आभाळ बघायचा. दिसला की वडील त्याला खांद्यावरूनच गदागदा हलवत. आज आयुष्यात पहिल्यांदा त्याला चाँद नको होता. आणि तेवढ्यात धाकट्या मुलीनं त्याची बाही ओढली. "अब्बा, तो बघा." नखाच्या कडेएवढा, स्वच्छ. मुलीचा चेहरा पाहून बाइंडरला हसावंच लागलं.

सकाळी नमाज झाली. बाइंडरनं बायकोच्या कानात सांगितलं, "पहिल्याच थांब्यावर उतरू आणि मागच्या गल्लीतून घरी येऊ." पण कंडक्टरनं चौघांना ड्रायव्हरच्या पाठीमागे, अगदी डोळ्यांसमोर बसवलं होतं. बाइंडरनं पैसे काढले, तर त्यानं हात दाबला.

"तिकिटं काढलीत मी. ईदची भेट समजा."

बाइंडरचे कान तापले. पहिला थांबा आला. तो अर्धवट उठला.

"बसा हो, अजून लांब आहे," कंडक्टर मागून ओरडला आणि त्यानं घंटी मारली.

त्यानंतर बाइंडर उठला नाही. मुली खिडकीला नाक लावून बसल्या. बायको हळूहळू खालाबद्दल बोलू लागली. आई गेल्यावर खालानं दोघी बहिणींच्या वेण्या घातल्या होत्या, पहिल्या रोज्याला मांडीवर झोपवलं होतं. मग म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं जायचं?" उतरल्यावर त्यांनी केळी घेतली.

खालाचं दार उघडंच होतं. आत चटईवर, बनियनवर, दाढीला शेवई चिकटलेल्या अवस्थेत वखारवाला बसला होता.

त्यानं घाईघाईनं दाढी पुसली.

"तुम्ही कामासाठी परगावी जाणार होता ना, भाईजान?" वखारवाल्यानं विचारलं.

"आणि तू तर घरीच असणार होतास ना?"

वखारवाल्यानं चटईची काडी उपटली. "आम्ही काल रात्रीच आलो. तुमचा निरोप आला आणि जीव भांड्यात पडला, म्हटलं यंदा मुलींच्या भेटी टळल्या. ईदीला कुणी दारात येऊ नये म्हणून वखारीतल्या सगळ्यांना मग मीही गावाला जातोय म्हणून सांगून टाकलं, मग यावंच लागलं." त्यानं आवाज खाली आणला. "गेल्या वर्षीच्या चपला उचल घेऊन आणल्या होत्या. ती अजून पगारातून कापतात."

"वेड्या," बाइंडर म्हणाला, "आमचे पडदेसुद्धा हप्त्यावर आहेत."

आतल्या खोलीतून दोघी बहिणींचं हसणं ऐकू आलं, मग रडणं, मग पुन्हा हसणं. खाला चुलीपुढून उठली नाही. माणसं वाढली तसं तिनं शेवयांत फक्त दूध वाढवलं. पिस्ते नव्हते. एकाच परातीभोवती सगळे बसले. बाइंडरनं परात बोटानं पुसून खाल्ली.

जेवणं झाल्यावर खालानं कमरेची पुरचुंडी सोडली आणि ईदीसाठी सगळ्यांना ओळीत उभं केलं. आधी मुली, मग वखारवाल्याचा मुलगा, मग दोघी बहिणी. साडू भिंतीला टेकून कौतुकानं बघत होते.

"तुम्हाला काय वेगळं आमंत्रण पाठवू?" खाला म्हणाली.

"खाला, आता आम्ही बापमाणसं," बाइंडर म्हणाला.

"मग ओळीत शेवटी उभे राहा."

दोघे पिकल्या मिशांनिशी ओळीत उभे राहिले. खालानं एकेकाचं डोकं वाकवून त्यावर हात ठेवला, मुठीत एकेक नाणं दाबलं आणि बोटं मिटून दिली. खूप वर्षांनी असं कुणी डोकं वाकवलं होतं. वखारवाल्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग दोघांनीही हळूच मूठ उघडली आणि आधी दुसऱ्याला किती मिळालं ते पाहिलं.