कामरगावाबाहेरची राहुटी

ही हकीकत मी एकोणीसशे एकोणचाळीसच्या नाताळच्या सुटीत, वाशीमला, माझे सासरे दौलतराव यांच्या तोंडून ऐकली. मी तेव्हा नुकताच एम. ए. झालो होतो आणि लग्नाला सहा महिने झाले होते. म्हणजे दोन्ही विषयांत माझे ज्ञान पुस्तकीच होते.

त्या दिवाळीनंतर दौलतराव कचेरीतून पेन्शनीत निघाले. निरोपाचा हार गळ्यात पडताच त्यांना भाषण सुचले (हा परिणाम मी इतरत्रही पाहिला आहे). वाशीमपासून चिखलदऱ्यापर्यंत आपण सायकलने जाणार, आणि वाटेत कोणाच्याही ओसरीवर न टेकता स्वतःच्या राहुटीत राहणार, असे त्यांनी जाहीर केले. हार दुसऱ्या दिवशी वाळला. शब्द मात्र गावभर ताजा राहिला. सासूबाई गोजराबाई एवढेच म्हणाल्या, "काहून? घर चावते का तुमाले?"

शिंप्याकडून राहुटी शिवून घेऊन, स्टोव्ह, कंदील व पिठाचा डबा सायकलला बांधून ते निघाले. इंझोरीचा मुक्काम बरा झाला. कारंजा मागे पडल्यावर उजवा गुडघा कुरकुरू लागला आणि कामरगावाजवळ त्याने वाकण्यास साफ नकार दिला. पुढे जाणे शक्य नव्हते. परत फिरावे, तर घराची वाट नेमकी कचेरीसमोरून होती.

कामरगाव हे गोजराबाईंचे माहेर. परंतु ओसरी वर्ज्य असल्यामुळे दौलतरावांनी गावाबाहेरच राहुटी ठोकली आणि पाय लांब करून, वेदनेने तोंड वाकडे करून ते बसले. कापूस वेचून परतणाऱ्या बायांनी त्यांना ओळखले, आणि त्यांचा स्टोव्ह पेटण्याआधी बातमी गावात पोहोचली: जावई रुसला. (जो जावई सासुरवाडीच्या वेशीपर्यंत येतो आणि घराची पायरी चढत नाही, तो रुसलेला असतो, याविषयी आमच्याकडे दुमत नाही.)

दिवस मावळण्यापूर्वी त्यांचे मेहुणे पुंजाजी चार वडीलधाऱ्यांना घेऊन आले.

"पाहुणे, आमचं चुकलं काय?"

"काई नाई. मी सायकलवर फिरायले निघालो."

"या वयात? अन् घर सोडून कापडाखाली कायले निजता?"

"मले काई नको, पुंजाजी. तुमी जा."

रुसलेल्या जावयाचे हेच पहिले वाक्य असते. पुंजाजींनी धोतरजोडी काढली. दौलतरावांनी मान हलवली. अंगठीची गोष्ट निघाली; त्यांनी हात जोडले. नकाराच्या प्रत्येक पायरीवर रुसव्याची खोली वाढत गेली, आणि अखेर एका वृद्धाने दुभत्या म्हशीचे नाव घेतले. पुंजाजी पुढे सरकले. "गोजराले मी काय तोंड दाखवू, थे सांगा."

त्या क्षणी दौलतरावांना उमगले की, गुडघ्याने हरलेला माणूस हसे करून घेतो. समजूत काढून आणलेला जावई मिरवत येतो. त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"दूध किती देते?"

पाचही जणांनी एकदम सुस्कारा सोडला. राहुटी त्यांनीच उतरवली. सायकल बैलगाडीत, सायकलीशेजारी दौलतराव, आणि मागे म्हैस, अशी मंडळी वाशीमला कचेरीसमोरून गेली. "सासुरवाडीनं जाऊ नाई देल्लं," एवढे स्पष्टीकरण सर्वांना पुरेसे वाटले. गोजराबाईंनी आधी म्हैस पाहिली, नंतर नवरा गाडीतून कसा उतरतो ते पाहिले, आणि तेल तापवायला ठेवले. पेन्शन मंजूर झाली तेव्हाही इतके हलके वाटले नव्हते, असे दौलतराव म्हणाले.

एक भाग मात्र मला कधीच पडताळता आला नाही: गुडघा म्हशीच्या आधीच धरला होता, की म्हशीचे नाव निघाल्यावर? सासऱ्यांना विचारणे अशक्य. म्हणून मी सासूबाईंना, शक्य तितक्या सावध शब्दांत, जावयाच्या मनात त्या वेळी नेमके काय असावे, असे विचारले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी माझे माप घ्यायला आला. तो कोट मला काखेत घट्ट होतो. ही गोष्ट मी त्या घरात अद्याप काढलेली नाही; जावई पुन्हा रुसला म्हणतील.